घड्याळ बघून खा : फिलिपिन्सच्या गावोगावचं स्वस्त खाणं, पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

फिलिपिन्सच्या लहानशा गावात मुक्काम असेल तर सकाळी सहा-साडेसहाला ‘ताहोऽऽऽ’ अशी लांब हाळी कानावर येते. खांद्यावर कावड, कावडीच्या दोन टोकांना ॲल्युमिनियमचे उंच डबे. एकात सोयाबीनच्या दुधाचं गरम, कवडी दह्यासारखं लुसलुशीत ताहो. दुसऱ्यात तपकिरी साखरेचा पाक आणि साबुदाण्याचे टपोरे दाणे. चपट्या पळीने वरचं पाणी काढून टाकायचं, पेला भरायचा, वर पाक ओतायचा, वर साबुदाणा. उशिरा उठून हा माणूस शोधायला गेलात तर सापडत नाही. डबे रिकामे करून तो घरी गेलेला असतो.

इथल्या रस्त्यावरच्या खाण्याचं मर्म यातच आहे. प्रत्येक पदार्थाची वेळ ठरलेली आहे. त्या वेळेला गेलात तर तो कढईतून किंवा निखाऱ्यावरून थेट हातात येतो, पोटाला सोसतो आणि चवही खरी लागते. वेळ चुकवलीत तर तोच पदार्थ काचेच्या कपाटात गार होऊन पडलेला मिळतो, आणि मग ‘तिकडे खाण्याचे हाल होतात’ असं सांगत माणूस परत येतो. म्हणून पुढचं सगळं दिवसाच्या घड्याळाप्रमाणे सांगतो. मनिलातल्या मॉलविषयी यात काहीच नाही. हे गावांसाठी आहे.

निघण्याआधी : सुटे पैसे आणि थोडे शब्द

एक पेसो म्हणजे साधारण दीड रुपया. गाड्यांवर रोख लागते, तीही सुटी. हजाराची नोट घेऊन वीस पेसोंचा पदार्थ मागितलात तर विकणारी बाई बिचारी शेजारच्या चार दुकानांत सुट्यांसाठी हिंडत बसते. जीपनीत, म्हणजे तिथल्या लांबट प्रवासी जीपगाडीत, तर पाटीच लावलेली असते, ‘सकाळी सुटेच द्या’ अशा अर्थाची. सुट्यांना तिथे ‘बार्या’ म्हणतात. मोठी नोट सुपरमार्केटात किंवा हॉटेलच्या बिलात मोडावी आणि वीस, पन्नास, शंभरच्या नोटा वेगळ्या खिशात ठेवाव्यात. यूपीआयच्या भरवशावर जाऊ नका. परदेशी कार्डाने एटीएममधून पैसे काढताना दर वेळी बँक वेगळा आकार लावते, तेव्हा थोडे-थोडे चार वेळा काढण्यापेक्षा एकदाच बेताचे काढा.

आता शब्द. इंग्रजी बहुतेकांना समजतं, पण दोन शब्द त्यांच्या भाषेत बोललात की समोरचा चेहरा खुलतो. किंमत विचारायची ती ‘माग्कानो पो?’ अशी. यातलं ‘पो’ म्हणजे आपलं आदरार्थी बोलणं. मोठ्या माणसाशी बोलताना वाक्यात ते हवंच. विकणारी बाई तुमच्याहून थोडी मोठी असेल तर ‘आते’, पुरुष असेल तर ‘कुया’. म्हणजे ताई आणि दादा. ‘आते’ ऐकून आपल्याला आत्या आठवते, पण तिथे ती थोरली बहीण. आजीच्या वयाच्या बाईला ‘नानाय’ किंवा ‘लोला’ म्हणा. सारी-सारी नावाच्या छोट्या घरगुती दुकानाशी गेलात आणि गजांमागे कुणी दिसलं नाही, तर ‘पाबिली पो!’ अशी हाक घाला: ‘अहो, द्या हो जरा!’ 

टागालोग सगळीकडे समजते, पण गावाची स्वतःची भाषा वेगळी असते. चविष्ट या एका शब्दाचीच रूपं बघा : मनिलाच्या आसपास ‘मासाराप’, सेबूत ‘लामी’, इलोइलोत ‘नामित’, इलोकोसमध्ये ‘नाइमास’, बिकोलमध्ये ‘मासिराम’. ज्या प्रांतात जाल तिथला एवढा एक शब्द शिकून जा. खाऊन झाल्यावर तो म्हणालात की दुसऱ्या दिवशी वाढप थोडं जास्त येतं.

पहिली पायरी : पलेंगके शोधा

गावात उतरल्यावर सामान ठेवा आणि पलेंगके कुठे आहे ते विचारा. पलेंगके म्हणजे मंडई. स्पॅनिश काळापासून गावांची मांडणी ठरलेली आहे : मधे चौक, चौकाला लागून चर्च आणि नगरपालिका, आणि तिथून चालण्याच्या अंतरावर बाजार. पहाटे चार-पाचला तो जागा होतो. एका बाजूला मासळी-मटणाचा ओला भाग, दुसरीकडे तांदूळ, सुकी मासळी, भांडीकुंडी, आणि मधल्या किंवा मागच्या गल्लीत बाकडी टाकून बसलेल्या खानावळी. गावातलं सगळ्यांत ताजं आणि स्वस्त अन्न इथेच मिळतं, कारण सामान दहा पावलांवरून येतं.

पहिल्या दिवशी काही न खाता एक फेरी मारा. कोणत्या बाकावर हमाल, रिक्षावाले, शाळेच्या बाई बसल्या आहेत ते बघा. तिथली ट्रायसिकल म्हणजे मोटारसायकलला जोडलेली बाजूगाडी. तिचे चालक दिवसभर रस्त्यावर असतात आणि त्यांना पोट बिघडवून चालत नाही. ते जिथे जेवतात तिथे जेवा. लागोपाठ दोन दिवस एकाच बाईकडे गेलात की तुम्ही तिचे ‘सुकी’ झालात. नेहमीच्या गिऱ्हाइकाला सुकी म्हणतात, आणि गंमत म्हणजे गिऱ्हाईकही विकणाऱ्याला सुकीच म्हणतं. मग ‘दागदाग’ मिळतं, म्हणजे आपली भाजीवाली शेवटी वर टाकते ती कोथिंबिरीची काडी. फळं, मासळी घेताना घासाघीस चालते. शिजवलेल्या अन्नाला मात्र करू नका. भाव आधीच कमी असतो.

पहाट ते नऊ

ताहो झालं. पहाटे बेकरीतून गरम पांदेसाल निघतो. हा आपल्या पावासारखा छोटा पाव, वर पावाचाच बारीक चुरा, कॉफीत बुडवून खायचा. करिंडेरियात, म्हणजे घरगुती खानावळीत, याच वेळी ‘सिलोग’ मिळतं. काल रात्रीचा भात लसणावर परतलेला, म्हणजे जवळजवळ आपला फोडणीचा भातच, तो ‘सिनांगाग’. वर तळलेलं अंडं, ‘इत्लोग’. पहिल्याचं डोकं आणि दुसऱ्याची शेपटी जोडून सिलोग. त्याच्याआधी जे लागेल ते त्या ताटातलं मांस किंवा मासळी : बांगुस माशाचं ‘बांगसिलोग’, गावठी सॉसेजचं ‘लोंगसिलोग’.

सेबूत असाल तर सकाळचं खाणं वेगळं. कार्बोन बाजारात आणि गावोगावच्या मंडईत चिकट तांदूळ आलं घालून नारळाच्या दुधात वाफवून केलेला ‘पुतो माया’ मिळतो. सोबत दाट, कडसर कोकोचा ‘सिक्वाते’, आणि हंगाम असेल तर पिकलेला आंबा. आंबा, नारळाचं दूध आणि गरम भात हे एकत्र आल्यावर मराठी माणसाला वेगळं काही सांगावं लागत नाही. बागिओच्या डोंगरात ताहोवर स्ट्रॉबेरीचा पाक घालतात, कारण शेजारच्या ला त्रिनिदादमध्ये स्ट्रॉबेरीची शेतं आहेत. एकदा चाखावं, मला साधंच जास्त आवडतं.

दुपारचं जेवण : करिंडेरिया

इथे थोडं थांबू या, कारण नवख्या माणसाची अडचण इथेच होते.

करिंडेरिया म्हणजे घरगुती खानावळ. समोर झाकणाची सात-आठ पातेली किंवा काचेमागे ट्रे. मेनूकार्ड नसतं. याला ‘तुरो-तुरो’ही म्हणतात, तुरो म्हणजे बोट दाखवणं. झाकण उघडून दाखवायला सांगा, कुणी रागवत नाही. बोट दाखवा, भात किती ते सांगा, बसा. एक कालवण आणि भात मिळून बहुतेक गावांत शंभर पेसोंच्या आत भागतं. अर्धं वाढपही मागता येतं. बऱ्याच ठिकाणी वाटीभर ‘साबाव’, म्हणजे पातळ सूप, फुकट मिळतं. काटा-चमचा गरम पाण्याच्या भांड्यात ठेवलेला असतो. चमचा उजव्या हातात, काटा डाव्या हातात. हाताने जेवलात तरी कुणाला नवल वाटत नाही, हातानं जेवण्याला त्यांच्याकडे ‘कामायान’ असं नावच आहे.

साडेअकरा ते साडेबारा ही खरी वेळ. दोननंतर त्याच पातेल्यात तळ उरलेला असतो आणि सकाळी शिजवलेलं दुपारभर कोमट राहिलेलं असतं. पोट बिघडतं ते बहुतेक वेळा या दोननंतरच्या पातेल्यामुळे, भाजलेल्या किंवा तळलेल्या खाण्यामुळे नव्हे.

आता काय खायचं नाही त्याचं बघू. ‘बाबोय’ म्हणजे डुक्कर, ‘बाका’ म्हणजे गाय-बैल, ‘मानोक’ कोंबडी, ‘इस्दा’ मासा, ‘हिपोन’ कोळंबी. ‘मे बाबोय पो बा?’ म्हणजे ‘यात डुक्कर आहे का?’ हा प्रश्न भाजीच्या पातेल्यासाठीही विचारा. भाजीत चवीपुरते मांसाचे तुकडे टाकणं ही तिथली सर्वसाधारण रीत आहे, आणि ‘भाजी आहे ना?’ विचारलंत तर ‘हो’ असंच उत्तर येईल, कारण त्यांच्या लेखी ती भाजीच असते.

शाकाहारी माणसाला स्पष्टच सांगतो. करिंडेरियात पूर्ण शाकाहारी कालवण मिळणं अवघड आहे. मांस नसलं तरी ‘पातिस’, म्हणजे माशाचं खारट पाणी, किंवा ‘बागोओंग’ पडलेलं असतं. बागोओंग आलामांग ज्या बारीक कोळंबीचा करतात तो आपला जवळाच, मिठात आंबवलेला. कोकणातल्या माणसाला तो वास परका वाटणार नाही. पण जो मासळी खात नाही त्याने शुक्रवारच्या मुगाच्या आमटीलाही विचारूनच हात लावावा. शुक्रवारी मांस टाळण्याच्या कॅथलिक रिवाजामुळे त्या दिवशी बहुतेक खानावळींत मुगाची दाट आमटी शिजते. तिला ‘मुंगो’ म्हणतात, त्यात शेवग्याचा पाला असतो, आणि लसणाच्या फोडणीचा वास घरची आठवण करून देतो. पण आत सुकी मासळी, नाहीतर वर तळलेल्या डुकराच्या चामडीचा चुरा टाकलेला असू शकतो. चुरा वरून टाकत असतील तर ‘नको’ म्हणता येतं. आत शिजलेलं काढता येत नाही.

मग शाकाहाऱ्याने काय करावं? दिवसातलं मोठं खाणं मेरिएंडाच्या, म्हणजे मधल्या खाण्याच्या, वेळी करावं. तिथे मात्र भरपूर आहे, पुढे सांगतोच. आणि केळी, उकडलेली कणसं, उकडलेल्या शेंगा, शहाळं हे कुठेही मिळतं. दवाओला वैद्यकीय शिक्षणासाठी भारतातली बरीच मुलं असतात, महाराष्ट्रातलीही, त्यामुळे तिथे भारतीय खानावळीही आहेत.

फक्त डुक्कर टाळायचं असेल तर दक्षिणेकडच्या मिंदानाओ बेटावरचे मुस्लिम लोक करतात ते खाणं शोधा. मागिंदानाओ लोकांचा ‘पास्तिल’ हा केळीच्या पानात गुंडाळलेला भात, त्यावर मसाल्यात शिजवून तंतू केलेली कोंबडी. पुडी उघडून उभ्याउभ्या खाता येते, पोट भरतं आणि खिशाला तोशीस पडत नाही. मारानाओ लोकांची ‘पालापा’ ही तिखट चटणी आलं, मिरची आणि तिथल्या कांदापातीची. बिकोल सोडलं तर बाकीचा देश तिखटाला हात आखडता घेतो, तिथे ही चटणी आपल्या जिभेला भेटते. मिंदानाओच्या काही भागांत जाण्याविषयी सरकारी सूचना असतात, त्या बघूनच बेत आखा. पास्तिल आता इतर शहरांतही विकतात.

दहा आणि तीन : मेरिएंडा

दोन जेवणांच्या मधलं खाणं म्हणजे मेरिएंडा. सकाळी दहाच्या सुमारास एक, दुपारी तीन-चारला दुसरं. शाळा सुटते, ऑफिसातली माणसं बाहेर येतात आणि रस्त्याच्या कडेला कढया चढतात. स्वस्त खाण्यासाठी दिवसातली ही उत्तम वेळ.

‘साबा’ नावाची जाड, तळायची केळी असते. ती तपकिरी साखरेसकट तेलात सोडतात, साखरेचा पाक होऊन केळ्यावर चढतो, मग काडीला टोचून देतात. हा ‘बनाना क्यू’. रताळ्याचा तसाच ‘कामोते क्यू’. केळं आणि फणसाचा गरा पातळ पारीत गुंडाळून तळला की ‘तुरोन’. पंधरा-वीस पेसोंना काडी मिळते. वरचा पाक काचेसारखा कडक होण्याआधी, पण जीभ भाजणार नाही इतका निवल्यावर खायचा. उकडलेल्या मक्याच्या फुललेल्या दाण्यांवर ओलं खोबरं आणि मीठ किंवा साखर घालतात ते ‘बिनातोग’. केळीच्या पानात बांधलेला चिकट तांदळाचा ‘सुमान’, खोबऱ्यात घोळवलेली ‘पालिताव’, आणि नारळाच्या दुधात रताळं, केळं, फणस, साबुदाणा, तांदळाच्या गोळ्या शिजवलेलं ‘गिनाताआन’. हे शेवटचं सेबूकडे ‘बिनिग्नित’ म्हणून गुड फ्रायडेला घरोघरी होतं. तांदूळ, नारळ आणि गूळसाखर यांवर वाढलेल्या कोकणी-गोमंतकीय माणसाला या टोपल्यांपुढून हलवत नाही.

त्याच गाड्यांवर तिखटमिठाचंही असतं. मासळी आणि पिठाचे गोळे, म्हणजे फिश बॉल, आणि ‘क्वेक-क्वेक’ : लाव्याची उकडलेली अंडी नारिंगी पिठात बुडवून तळलेली. कढईतून काडीने टोचून घ्यायचं आणि शेवटी किती खाल्लं ते आपणच सांगायचं. विश्वासावर चालणारा हिशेब आहे, नीट मोजा.

बरण्यांत तीन सॉस असतात : गोड, गोड-तिखट आणि व्हिनेगर. काडी एकदाच बुडवायची, खाण्याआधी. चावा घेतलेला तुकडा परत बुडवायचा नाही. हा शिष्टाचारही आहे आणि आरोग्याचा प्रश्नही, कारण ती बरणी शंभर जणांची असते. मी तर कागदी पेला मागतो आणि सॉस चमच्याने त्यात घेतो. विकणारे हल्ली तसे पेले ठेवतात.

सुका : ज्याच्यामुळे सगळं लागतं

व्हिनेगरला टागालोगमध्ये ‘सुका’ म्हणतात. संस्कृत ‘चुक्र’ मलय भाषेतून तिथे पोहोचला. आपला आंबट ‘चुका’ त्याच घरातला. पहिल्यांदा जाणाऱ्याने एक सवय लावून घ्यावी : पदार्थ आवडला नाही असं म्हणण्याआधी तो त्याच्या ‘सावसावान’बरोबर, म्हणजे बुडवायच्या आंबट-खारट पाण्याबरोबर खाऊन बघावा. तळलेलं आणि चरबीचं अन्न तिथे मुद्दाम अळणी ठेवतात, कारण चव ज्याने त्याने ताटात जुळवायची असते. सुका, सोया सॉस, कलामान्सी नावाचं गोटीएवढं लिंबू आणि ‘सिलिंग लाबुयो’ ही इवलीशी जहाल मिरची. हे चारही टेबलावर असतात, फुकट. एक लक्षात ठेवा : ‘तोयो’ म्हणजे सोया सॉस आणि ‘तुयो’ म्हणजे खारवलेली सुकी मासळी. मागताना उच्चार जपा.

सुकाही प्रांताप्रांतात बदलतो. इलोकोसचा उसाच्या रसाचा, गडद. देशाच्या मधल्या विसाया बेटांवर माडीपासून केलेला, त्यात मिरच्या, लसूण, आलं मुरवलं की इलोइलो-बाकोलोदकडचा ‘सिनामाक’. बुलाकानच्या पाओम्बोंगचा निपा नावाच्या खाजणातल्या ताडाचा. परत येताना कुणाला काय आणायचं हा प्रश्न पडला तर सिनामाकची बाटली आणा, नीट बांधून, विमानात खाली द्यायच्या सामानात.

प्रांतात गेलात तर तिथलंच खा

प्रत्येक गावात सगळं खायचा हट्ट धरू नका. एका गावाचा एक पदार्थ, पण तो नीट.

इलोकोसमध्ये विगान किंवा बाताकला गेलात तर एम्पानादा. तांदळाच्या पिठाची नारिंगी पारी. रंग ‘आत्सुएते’ नावाच्या बियांचा. पारी थापून त्यात किसलेली कच्ची पपई, लोंगनिसा सॉसेज आणि वर फोडलेलं अंडं, मग घडी घालून, कडा कापून, सरळ उकळत्या तेलात. सगळं तुमच्या डोळ्यांसमोर होतं, म्हणून मांस नको असेल तर ते भरण्याआधीच सांगता येतं. विगानचा जुना भाग 1999पासून जागतिक वारसा आहे; तिथल्या बुर्गोस चौकात संध्याकाळी या गाड्या भरतात. दोन टोकांमधून वाफ निघू द्या, आत सुका ओता, मग खा. एम्पानादा शिळा खाण्यात अर्थ नाही, खोलीवर बांधून नेऊ नका.

केसोन प्रांतातल्या लुक्बानला ‘पांसित हाबहाब’ मिळतो. केळीच्या पानावर शेवया, वर सुका, आणि चमचा-काटा-हात काही न वापरता पान तोंडाशी धरून खायचं. 15 मेला तिथे पाहियास उत्सव असतो, घरांच्या दर्शनी भिंती भात, भाज्या आणि रंगीत तांदळाच्या पातळ पापड्यांनी मढवतात. त्या दिवशी गर्दी अफाट. खायलाच जायचं असेल तर दुसरा दिवस निवडा.

बिकोलमध्ये माझं मन सगळ्यांत रमतं, कारण तिथे अळू आहे. ‘लाइंग’ म्हणजे सुकवलेली अळूची पानं नारळाच्या दुधात मिरच्या घालून आटवलेली. अळू खाजतं ही तक्रार तिथेही आहे. उपाय म्हणून पानं आधी वाळवतात आणि शिजताना सुरुवातीला ढवळत नाहीत. आल्बाय प्रांतातल्या कामालिगचा ‘पिनांगात’ म्हणजे अळूच्या पानांचीच पुडी, बांधून शिजवलेली. दोन्हींत बहुधा डुक्कर, कोळंबी किंवा सुकी मासळी असते, विचारून घ्या. मिंदानाओची पालापा सोडली तर फिलिपिन्समध्ये खरं तिखट इथे मिळतं.

इलोइलो 2023मध्ये युनेस्कोच्या खाद्यसंस्कृतीच्या सर्जनशील शहरांत आलं, देशातलं पहिलं. ला पाझ मंडईत ‘बाचोय’ मिळतो : शेवयांवर डुकराचं मांस, काळीज, तळलेल्या चामडीचा चुरा आणि हाडांचा गरम रस्सा. समोरच्या नेग्रोस बेटावर बाकोलोदचं ‘इनासाल’ : गवती चहा, आलं, कलामान्सी आणि सुक्यात मुरवलेली कोंबडी निखाऱ्यावर, वरून आत्सुएतेच्या तेलाचा हात. मागताना मांडीसाठी ‘पाआ’, छातीसाठी ‘पेचो’ म्हणा. पाआच मागा, पेचो लवकर कोरडा पडतो.

सेबूत भात पुडीतून येतो. माडाच्या झापांच्या विणलेल्या चौकोनी पुडीत तांदूळ घालून उकळतात, तो ‘पुसो’. भाजलेल्या मांसाच्या काड्यांबरोबर ही पुडी कापून देतात. ‘पुंगको-पुंगको’ म्हणजे बुटक्या बाकांवर बसून खायची जागा. तळलेल्या पदार्थांचे डबे समोर, हातात चढवायला प्लॅस्टिकची पिशवी, आणि बाजूला सुका. तिथल्या ताबोआन बाजारात सुक्या मासळीचे ढीग असतात, ‘दांगित’ त्यांतला नावाजलेला. बोंबील-सुकट खाणाऱ्याने तिथून रिकाम्या हाताने येऊ नये, मात्र बांधणी दुहेरी करून घ्यावी.

संध्याकाळ आणि रात्र

पाच-साडेपाचला निखारे पेटतात. ‘इहाव-इहाव’ म्हणजे भाजणं. ‘इसाव’ हे कोंबडीचं किंवा डुकराचं आतडं, धुऊन, आधी उकडून, काडीवर नागमोडी ओवून भाजलेलं. कोंबडीच्या पायांना ‘आदिदास’, गोठवलेल्या रक्ताच्या काळ्या चौकोनांना ‘बेटामॅक्स’, कारण ते जुन्या व्हिडिओ कॅसेटसारखे दिसतात. निखाऱ्यापाशी उभं राहा, ताटलीत आधीच भाजून ठेवलेली काडी घेऊ नका, नवी टाकायला सांगा आणि कडा काळसर होईपर्यंत थांबा.

रात्री आठ-नऊनंतर टोपली घेऊन ‘बालूऽऽट’ ओरडणारा येतो. चौदा ते अठरा दिवस उबवलेलं बदकाचं अंडं, उकडलेलं. मनिलाजवळचं पातेरोस यासाठी पूर्वापार ओळखलं जातं. बोथट टोकाला टिचकी मारून छोटं भोक पाडायचं, आधी आतला रस्सा प्यायचा, मग मीठ किंवा सुका घालून सोलत खायचं. पांढरा टणक भाग बरेच जण टाकतात. खायचं नसेल तर हसून ‘सालामात पो’ म्हणा आणि पुढे चला. तोंड वेडंवाकडं करून फोटो काढू नका. ते कुणाच्या तरी रात्रीच्या कष्टाचं अन्न आहे. आत पिल्लू नसलेलं ‘पेनोय’ही त्याच टोपलीत असतं, नवख्याला ते सोपं.

16 ते 24 डिसेंबरला पहाटेच्या प्रार्थनेनंतर चर्चबाहेर ‘बिबिंका’ मिळते : तांदळाच्या पिठाची, केळीच्या पानावर, खाली निखारे आणि वरही निखारे. गोव्याची बेबिंका आठवते. पदार्थ वेगळा, पण वरून आच देण्याची युक्ती तीच. शेजारीच बांबूच्या नळीत वाफवलेला जांभळा ‘पुतो बुंबोंग’, वर खोबरं आणि साखर.

पोट सांभाळायचं म्हणजे काय करायचं

पाणी बाटलीतलं किंवा शुद्ध पाण्याच्या दुकानातलं प्या. टेबलावर भरून ठेवलेल्या भांड्यातलं टाळा. बर्फ नळीसारखा, मधे भोक असलेला असेल तर तो कारखान्यातला असतो. लादी फोडून किसलेला बर्फ पहिल्या दोन-तीन दिवसांत नको. ‘किनिलाव’ म्हणजे सुक्यात मुरवलेला कच्चा मासा. समुद्राकाठी, सकाळच्या मासळीचा, डोळ्यांसमोर केलेला असेल तरच खा, आणि गोड्या पाण्यातलं कच्चं काहीच खाऊ नका. आंबटाने सगळे जंतू-कृमी मरत नाहीत.

शिंपले आणि कालवं खाण्याआधी ‘रेड टाइड’ आहे का ते विचारा. समुद्रात विषारी शैवाल वाढलं की सरकारचं मत्स्य खातं त्या-त्या खाडीतल्या शिंपल्यांवर आणि जवळ्यावर बंदी घालतं. हे विष शिजवून जात नाही. अशा वेळी भाव कितीही उतरला तरी हात लावू नका.

‘लांबानोग’ ही माडीपासून गाळलेली दारू. डिसेंबर 2019मध्ये लगुना आणि केसोन प्रांतांत मिथेनॉल असलेली लांबानोग पिऊन माणसं दगावली. लेबल नसलेल्या बाटलीतली, कुणी कितीही आग्रह केला तरी नको.

तरीही पोट बिघडलंच तर ‘बोतिका’त, म्हणजे औषधाच्या दुकानात ‘ओरेसोल’ मागा. ती आपली जलसंजीवनी. जुलाबाला तिथे सरसकट ‘एलबीएम’ म्हणतात, तेवढं म्हटलं की समजतं. दिवसभर पातळ तांदळाची पेज, ‘लुगाव’, खा. ती प्रत्येक गावात मिळते आणि साधी मागितली तर फक्त आलं-मीठ घालून देतात. ताप आला किंवा रक्त पडलं तर दवाखाना गाठा.

आठवड्याचा बेत आखताना एक बघा : ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात गुरुवार-शुक्रवारी गावंच्या गावं बंद असतात. आदल्या दिवशी फळं, पाव, बिस्किटं घेऊन ठेवा.

कुणी ‘काइन तायो’ म्हणालं तर

गल्लीतून जाताना ओट्यावर जेवत बसलेली माणसं तुम्हाला बघून ‘काइन तायो!’ म्हणतील. म्हणजे ‘या जेवायला’. आपल्याकडे जेवणाऱ्याने दारातल्या माणसाला म्हणायचं असतं तसंच हे. बहुतेक वेळा ते सौजन्य असतं; हात जरा वर करून, हसून ‘सालामात पो, बुसोग पा पो’, म्हणजे ‘पोट भरलेलं आहे’, म्हणायचं आणि पुढे जायचं. पण दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा म्हणाले, कुणी उठून बाक पुसू लागलं, तर ते मनापासून आहे. बसा. ताटात थोडंच घ्या, घेतलेलं संपवा, आणि निघताना पैसे पुढे करू नका. दुसऱ्या दिवशी पलेंगकेतून थोडी फळं किंवा गरम पांदेसालची पिशवी घेऊन त्याच दारात जा.